पिक्चर नको, चॅनल डेटा हवाय: प्रोग्रामेबल अल्ट्रासाऊंड आणि फास्ट फेज्ड ॲरे इमेजिंग (ठाणे-नवी मुंबईतलं कोणी यावर काम करतंय का?)

रबाळेकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, इथे मेडिकलवाले, कोडिंगवाले, वर्कशॉपवाले सगळेच आहेत म्हणून इथेच धागा काढतो. मी रबाळे एमआयडीसीत एनडीटीचं (वस्तू न तोडता आतले दोष शोधायचं) काम करतो, मुख्यतः प्रेशर व्हेसल आणि पाइपच्या वेल्डचं फेज्ड ॲरे टेस्टिंग. आपलं नेहमीचं पोर्टेबल मशीन, ५ मेगाहर्ट्झचा ६४ एलिमेंटचा (आवाज सोडणाऱ्या-ऐकणाऱ्या ६४ छोट्या तुकड्यांचा) प्रोब, खाली वेज (प्लास्टिकची पाचर), जेल लावायचं, ४० ते ७० डिग्री पंख्यासारखा सेक्टर स्कॅन घ्यायचा आणि एन्कोडरने सरकवत जायचं.

आता अडचण सांगतो. २५ मिमी जाडीच्या प्लेटचा वेल्ड होता, रूटपाशी (वेल्डच्या तळाशी) एक इंडिकेशन, एका बाजूने बघितलं की लॅक ऑफ फ्यूजनसारखं (धातू नीट न जुळल्यासारखं) स्वच्छ उठून दिसतं आणि दुसऱ्या बाजूने गेन कितीही चढवा, नुसता पुसटसा डाग. टिप डिफ्रॅक्शन (दोषाच्या टोकावरून येणारा क्षीण इको) मिळालं असतं तर उंची ठरवता आली असती, पण सेक्टर स्कॅनमध्ये ते बाकीच्या गर्दीत बुडून जातं. म्हटलं प्रत्येक एलिमेंटने काय ऐकलं ते वेगळं काढून बघू, तर मशीनच्या सर्व्हिसवाल्यांचं उत्तर आलं की या मॉडेलमध्ये चॅनल डेटा बाहेर काढता येत नाही. म्हणजे एलिमेंटनी ऐकलेलं सगळं आत आहे, आपल्या हातात फक्त त्याची बेरीज येते, आणि ती कशी करायची हेही त्यांनीच ठरवलेलं! मला हे फार खटकतं. वेल्डमध्ये दोष आहे की नाही यावर उद्या कोणाचा तरी जीव अवलंबून असतो, त्याचा मूळ पुरावाच आपण जपून ठेवत नाही.

मग शोधता शोधता प्रोग्रामेबल रिसर्च सिस्टीमबद्दल वाचलं, ज्यात प्रत्येक एलिमेंट कधी फायर करायचा, कुठल्या वेव्हफॉर्मने करायचा हे आपण लिहायचं आणि प्रत्येक चॅनलचा कच्चा डेटा आपल्याकडे येतो, शिवाय सेकंदाला हजारो फ्रेम. इथे कोणी वापरलीय का अशी सिस्टीम? हजारो फ्रेम नेमक्या येतात कशा? आणि स्टीलमध्ये त्याचा उपयोग आहे की हे फक्त मेडिकलवाल्यांचं?

नेरूळची_इको

माझं काम टूडी इकोचं (हृदयाच्या सोनोग्राफीचं), त्यामुळे दुसऱ्या टोकाकडून लिहिते. आमच्याकडे फेज्ड ॲरे प्रोब लागतो कारण बरगड्यांमधल्या फटीतून बघायचं असतं, प्रोबचा चेहरा लहान हवा आणि तिथून ९० डिग्रीचा पंखा उघडायला हवा. फ्रेम रेटची ओढाताण रोजचीच. सेक्टर रुंद केला, डेप्थ वाढवली की रेट पडतो, मग सेक्टर अरुंद करून फक्त व्हॉल्व्हवर यायचं. लहान मुलांचं हृदय १५०-१६० ने धावत असतं तेव्हा तर दोन फ्रेमच्या मधे व्हॉल्व्ह उघडून बंद होतो की काय असं वाटतं. हजारो फ्रेम म्हणजे मला आधी जाहिरातच वाटली होती, त्यामुळे कोणी नीट समजावलं तर मलाही हवंय.

शब्दवेधी

जाहिरात नाही ताई, खरं आहे. पण फुकट मिळत नाही, त्याची किंमत कुठे मोजावी लागते ते पुढे लिहितो.

फेज्ड ॲरेचं मूळ तत्त्व आधी, ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी. समजा ढोलपथकातले ६४ ढोल राम मारुती रोडवर एका सरळ रांगेत उभे आहेत, आणि समोरच्या एका ठराविक खिडकीत सगळ्यांचा आवाज एकाच क्षणी पोचायला हवाय. मग रांगेच्या टोकाच्या ढोलांनी आधी वाजवायचं आणि मधल्यांनी थोडं थांबून, कारण टोकाचे खिडकीपासून जास्त लांब. कोणी किती थांबायचं हा हिशोब म्हणजे डिले लॉ. खिडकी बदलली की हिशोब बदलला, रांग जागची हलत नाही. ऐकताना हेच उलट करायचं, प्रत्येक एलिमेंटचा सिग्नल आपापल्या डिलेने सरकवायचा आणि बेरीज करायची. याला डिले अँड सम म्हणतात, सगळं बीमफॉर्मिंग यावरच उभं आहे.

आता वेग. नेहमीचं मशीन ओळ-ओळ करून चित्र काढतं. एका ओळीसाठी फायर करायचं, सगळ्यात खोलचा इको परत येईपर्यंत थांबायचं, मग पुढची ओळ. मऊ टिश्यूत आवाजाचा वेग १५४० मीटर प्रति सेकंद धरतात. १५ सेमी डेप्थ म्हणजे जाऊन-येऊन ३० सेमी, म्हणजे १९५ मायक्रोसेकंद. अशा १२८ ओळी केल्या की २५ मिलिसेकंद गेले, म्हणून सेकंदाला ४० फ्रेम. यात मशीनचा दोष काही नाही, आवाजच त्यापेक्षा लवकर परत येत नाही. ताई म्हणतात तसं सेक्टर अरुंद केल्यावर रेट वाढतो तो ओळी कमी झाल्या म्हणून.

यातून सुटायची पहिली युक्ती जुनी आहे. १९८४ साली ड्यूक युनिव्हर्सिटीच्या लोकांनी एका फायरिंगवर एकदम ४ ओळी ऐकायची पद्धत मांडली, नाव एक्सप्लोसोस्कॅन. फायर थोडं रुंद करायचं आणि रिसीव्हला समांतर ओळी काढायच्या. हाच विचार टोकाला नेला की ओळच उरत नाही: सगळे एलिमेंट एकदम फायर करायचे, संपूर्ण भागावर सपाट वेव्ह सोडायची, सगळ्या चॅनलचा डेटा साठवायचा आणि चित्रातला प्रत्येक पिक्सेल नंतर गणिताने काढायचा. एक फायरिंग, एक फ्रेम. ५ सेमी डेप्थला एका फेरीला ६५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला साधारण १५,००० फ्रेम.

किंमत अशी की ट्रान्समिटला फोकस नाही, त्यामुळे एनर्जी पसरते, कॉन्ट्रास्ट पडतो, जिथे काळं दिसायला हवं तिथे करडी धूळ दिसते. यावरचा उपाय २००९ साली पॅरिसच्या ग्रुपने मांडला, मोंताल्दो, तांतेर, फिंक ही मंडळी. वेगवेगळ्या कोनांतून सपाट वेव्ह सोडायच्या आणि मिळालेल्या इमेज फेजसकट, म्हणजे एन्व्हलप (लहरीची नुसती उंची) काढायच्या आधीच, एकत्र करायच्या. थोडे कोन घेतले तर वेग जास्त, बरेच घेतले तर क्वालिटी फोकस केलेल्या बीमच्या जवळ जाते. किती कोन घ्यायचे हे आपण ठरवायचं, आणि ते आपल्याला ठरवता यावं यासाठीच तर प्रोग्रामेबल सिस्टीम लागते.

नेरूळची_इको

छान समजलं. पण हृदयात सपाट वेव्ह कशी चालेल, प्रोब तर दोन सेमीचा, समोर जेमतेम दोन सेमीचाच पट्टा उजळेल ना? आणि दुसरं म्हणजे वेगवेगळ्या कोनांतून फायर करेपर्यंत भिंत हललेली असेल त्याचं काय?

शब्दवेधी

दोन्ही प्रश्न अगदी मर्मावरचे. पहिल्याचं उत्तर, हृदयासाठी सपाट वेव्हच्या जागी पसरणारी वेव्ह वापरतात. प्रोबच्या मागे एक काल्पनिक बिंदू धरायचा आणि वेव्ह त्या बिंदूतून निघाली असं वाटेल असे डिले द्यायचे, की तुमचा पंखा उघडतो. १५ सेमीला अशी एक वेव्ह एक फ्रेम म्हटलं तर सेकंदाला ५,००० च्या वर जाता येतं.

दुसऱ्याचा हिशोब करून दाखवतो, तो मला या सगळ्यातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. २.५ मेगाहर्ट्झला टिश्यूत वेव्हलेंग्थ ०.६ मिमी. भिंत बीमच्या दिशेने वेव्हलेंग्थच्या पाव भाग, म्हणजे ०.१५ मिमी सरकली तर जाण्या-येण्यात अर्ध्या वेव्हलेंग्थचा फरक पडतो, आणि आधीचा आणि नंतरचा इको एकमेकांना पुसून टाकतात. भिंत सेकंदाला १० सेमी वेगाने हलतेय असं धरा, तर तेवढं सरकायला दीड मिलिसेकंद पुरतो, म्हणजे ५,००० च्या रेटला सात-आठ फायरिंग. तुम्ही १६ कोनांचं कंपाउंडिंग केलंत तर नेमकी जोरात हलणारी भिंतच चित्रातून गायब होईल! म्हणून आधी लागोपाठच्या फायरिंगमधून हालचाल मोजायची, ती वजा करायची आणि मगच बेरीज करायची. बंद मशीनमध्ये हे करून बघायला जागाच नाही, कारण बेरीज झालेली असते.

हजारो फ्रेम कशाला, त्याचंही एक उदाहरण देतो. लिव्हर किती कडक झालंय हे शिअर वेव्हच्या (आडव्या हेलकाव्याने पुढे जाणाऱ्या वेव्हच्या) वेगावरून कळतं. ही वेव्ह टिश्यूत सेकंदाला एक ते काही मीटर एवढ्या सावकाश जाते. २ मीटर प्रति सेकंदाने ४ सेमीची रुंदी पार करायला तिला २० मिलिसेकंद लागतात. ४० फ्रेमच्या मशीनला ती एखाद्या फ्रेममध्ये दिसली तर दिसली. सेकंदाला काही हजार फ्रेम घेतल्या की ती सरकताना स्पष्ट दिसते, वेग मोजता येतो, आणि त्यावरून कडकपणा: तीन गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग. १.५ मी/से ला साधारण ७ किलोपास्कल, ३ मी/से ला २७. वेग दुप्पट झाला की कडकपणा चौपट, म्हणून वेग मोजण्यातली छोटी चूकही महागात पडते. हे काम बर्कॉफ, तांतेर आणि फिंक यांनी २००४ मध्ये छापलं आणि त्यातूनच फ्रान्समध्ये सुपरसोनिक इमाजिन कंपनीचं एक्सप्लोरर मशीन आलं, जे दवाखान्यात वापरलं जातं. म्हणजे प्रयोगशाळेतला कच्चा डेटा पेशंटपर्यंत पोचतो, आणि तो पोचावा असं मला मनापासून वाटतं.

सीबीडी_कोडर

मी अशा सिस्टीमवर कोड लिहिलाय (नोकरीच्या ठिकाणी, जास्त सांगू शकत नाही). सगळ्यात जास्त रिसर्च लॅबमध्ये दिसते ती अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या व्हेरासॉनिक्सची व्हँटेज. २५६ चॅनलपर्यंत, प्रत्येक चॅनलला १४ बिटचा एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग), सॅम्पलिंग ६२.५ मेगाहर्ट्झपर्यंत, आणि प्रोग्रामिंग मॅटलॅबमध्ये. तीच एक आहे असं नाही. फ्लोरेन्सच्या युनिव्हर्सिटीची युला-ऑप आहे, डेन्मार्कच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने तर सारस नावाची १०२४ चॅनलची सिस्टीम बांधलीय, पोलंडमध्येही एक कंपनी ओपन सिस्टीम बनवते.

कोड कसा असतो ते सांगतो म्हणजे भीती जाईल. तुम्ही एक प्रोब वर्णन करता (किती एलिमेंट, पिच म्हणजे दोन एलिमेंटमधलं अंतर किती, सेंटर फ्रिक्वेन्सी), मग ट्रान्समिट वेव्हफॉर्म, मग प्रत्येक फायरिंगचे डिले आणि ॲपोडायझेशन (कुठल्या एलिमेंटला किती वजन), मग कुठल्या खोलीपासून कुठपर्यंत ऐकायचं आणि ते कुठल्या बफरच्या कुठल्या फ्रेममध्ये ठेवायचं. हे सगळं एका इव्हेंटच्या यादीत ओवायचं: हे फायर कर, हे ऐक, इतके मायक्रोसेकंद थांब, पुढच्याला जा, अमुक इतके झाले की डेटा कॉम्प्युटरला पाठव. ही यादी हार्डवेअरमधला सीक्वेन्सर चालवतो, विंडोज मधेच दुसऱ्या कामात अडकलं तरी फायरिंगचं टायमिंग हलत नाही.

नवीन लोक अडकतात ते इथे, की प्रत्येक फ्रेमनंतर इमेज काढायचा प्रयत्न करतात, मग फायरिंग प्रोसेसिंगची वाट बघत बसतं आणि हजारो फ्रेमचे पन्नास होतात. घेणं आणि दाखवणं वेगळं ठेवायचं. आधी एक-दोन सेकंदाचा बर्स्ट मेमरीत भरायचा, प्रोसेसिंग सावकाश नंतर.

हिशोबही करा हार्डवेअर ठरवायच्या आधी. १२८ चॅनल, ५ मेगाहर्ट्झचा प्रोब म्हणून चौपट म्हणजे २० मेगाहर्ट्झ सॅम्पलिंग, प्रत्येक सॅम्पल २ बाइट. ५ सेमीची एक फेरी ६५ मायक्रोसेकंद म्हणजे १,३०० सॅम्पल, गुणिले १२८ गुणिले २, एका फायरिंगला ३३० केबीच्या आसपास. सेकंदाला १०,००० फायरिंग केली की ३.३ जीबी प्रत्येक सेकंदाला! ही धार केबलमधून नेणं, रॅममध्ये झेलणं आणि डिस्कवर उतरवणं हीच खरी डोकेदुखी. सिस्टीम फास्ट आहे असं कोणी सांगितलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की सलग किती सेकंद?

गॅमा_ते_अल्ट्रा

बाबांनो, तुमचं सगळं वाचलं, अभ्यास आहे, कौतुक वाटलं. पण मी साइटवर आयुष्य काढलंय, आधी इरिडियमची रेडिओग्राफी (गॅमा किरणांनी वेल्डची फिल्म काढणं) केली, रात्री सगळा एरिया दोऱ्या बांधून रिकामा करायचा, मग फेज्ड ॲरे आलं आणि ते सगळं सुटलं. माझा अनुभव असा की क्लायंटला रिपोर्ट हवा असतो, प्रोसीजर क्वालिफाय झालेली (तपासून मान्य केलेली) हवी असते, इन्स्पेक्टरला सही करता आली पाहिजे. तिथे मॅटलॅब उघडून मी नवीन डिले लॉ लिहिलाय असं सांगितलंत तर कोण ऐकून घेईल? बंद मशीन बंद असतं म्हणूनच दहा माणसं तेच मशीन वापरून तेच उत्तर देतात. हाही फायदा लक्षात घ्या.

पारसिक

गॅमाकाका, तुमचा मुद्दा नाकारता येणार नाही, साइटवर सगळ्यांचं उत्तर एकच यायला हवं हे खरंच. पण रबाळेकर जे मागतायत ते आता इंडस्ट्रीच्या कोडच्या, म्हणजे नियमावलीच्या, बाहेरचं राहिलेलं नाही. फुल मॅट्रिक्स कॅप्चर ही पद्धत ब्रिस्टल युनिव्हर्सिटीच्या होम्स, ड्रिंकवॉटर आणि विलकॉक्स यांनी २००५ मध्ये मांडली. एकेक एलिमेंट एकेकदा फायर करायचा आणि प्रत्येक वेळी सगळ्यांनी ऐकायचं. ६४ एलिमेंट म्हणजे ६४ गुणिले ६४, ४,०९६ ए-स्कॅन (एकेका जोडीचे सिग्नल). त्यावरून टोटल फोकसिंग मेथडने चित्रातला प्रत्येक बिंदू फोकस करायचा. एएसएमईच्या (अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेच्या) कोडच्या सेक्शन ५ मध्ये हे २०१९ च्या आवृत्तीत आलं, वेल्डसाठी आयएसओ २३८६४ आणि पद्धतीसाठी २३८६५ ही दोन्ही स्टँडर्ड २०२१ ला आली. तेव्हा प्रोसीजर लिहिता येते, क्वालिफायही करता येते.

आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट अशी की मॅट्रिक्स साठवला असेल तर पाच वर्षांनी व्हेसल शटडाऊनला उघडल्यावर तोच जुना डेटा नव्या पद्धतीने परत इमेज करता येतो. सेक्टर स्कॅनमध्ये जी बेरीज झाली ती झाली, तिच्यातून ६४ सिग्नल परत वेगळे होत नाहीत.

रबाळेकर, स्टीलसाठी काही गोष्टी मेडिकलपेक्षा वेगळ्या आहेत, त्या सांगतो. स्टीलमध्ये लाँजिट्युडिनल (पुढे-मागे दाबत जाणारी) वेव्ह ५,९०० मी/से ने जाते, त्यामुळे २५ मिमी जाऊन परत यायला साडेआठ मायक्रोसेकंदच लागतात. वाटतं की मग पीआरएफ (सेकंदाला किती वेळा फायर करायचं तो आकडा) भसाभस वाढवता येईल. तसं होत नाही, कारण टिश्यू आवाज गिळून टाकतो आणि स्टील गिळत नाही. आधीच्या फायरिंगचा आवाज प्लेटमध्ये आणि वेजमध्ये घुमत राहतो आणि पुढच्या फायरिंगमध्ये खोटं इंडिकेशन बनून येतो. शंका आली की पीआरएफ बदलून बघा, खरं इंडिकेशन जागेवर राहतं, भूत सरकतं. म्हणून इथे फ्रेम रेट आवाजाच्या प्रवासाने ठरत नाही, घुमणं किती वेळ चालतं त्यावर ठरतो. समजा प्रत्येक फायरिंगमध्ये अर्धा मिलिसेकंद अंतर ठेवलं, तर ६४ फायरिंगला ३२ मिलिसेकंद, सेकंदाला ३१ फ्रेम. १ मिमी स्टेपने स्कॅन करायचं तर हात सेकंदाला ३१ मिमीच्या पुढे नेता येणार नाही.

तिथेच सपाट वेव्ह कामाला येते. ६४ फायरिंगऐवजी समजा ११ कोन घेतले तर त्याच पीआरएफला १८० फ्रेम. शिवाय सगळे एलिमेंट एकदम फायर होतात, त्यामुळे आवाज जोरात जातो. एकट्या एलिमेंटचं फायरिंग जाड किंवा स्टेनलेसच्या भरड ग्रेनच्या वेल्डमध्ये दमून जातं. २०१६ साली फ्रान्समधल्या ग्रुपने हे एनडीटीसाठी, मोड कन्व्हर्जनसकट (आपटल्यावर वेव्हचा प्रकार बदलणं धरून) मांडलंय. तुमच्या रूटच्या इंडिकेशनसाठी तेच लागेल, तळावर आपटून, मोड बदलून, मग दोषावर जाऊन येणारा मार्ग. तोच कच्चा डेटा, फक्त डिलेचा हिशोब वेगळा, आणि सगळे मार्ग वापरून वेगवेगळी चित्रं काढता येतात. कुठल्या तरी मार्गात उभी क्रॅक आरशासारखी चमकते आणि तिची उंची सरळ मोजता येते.

रबाळेकर

पारसिक, किती आभार मानू! रूटच्या मार्गांचं आजपर्यंत इतकं स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं. दोन शंका. माझा ०.६ मिमी पिचचा प्रोब चालेल का? आणि ३ मीटरच्या वेल्डचा डेटा किती होईल?

पारसिक

पिचचं असं, ५ मेगाहर्ट्झला स्टीलमध्ये लाँजिट्युडिनल वेव्हलेंग्थ १.१८ मिमी, त्याच्या अर्धी ०.५९. पिच अर्ध्या वेव्हलेंग्थच्या पुढे नको हा नियम, त्यात तुमचा प्रोब जवळजवळ बसतो. पण तुम्ही वेजवरून शिअर वेव्ह वापरता, तिचा वेग ३,२३० च्या आसपास म्हणजे वेव्हलेंग्थ ०.६५ मिमी, आणि पिच जवळजवळ तेवढाच झाला. वेजमुळे थोडी सूट मिळते, तरी मोठ्या कोनात ग्रेटिंग लोबची (नको त्या दिशेला जाणाऱ्या बीमची) भुतं येऊ शकतात, सावध राहा.

डेटा: ४,०९६ ए-स्कॅन, प्रत्येकी २,००० सॅम्पल, २ बाइट, एका जागेला १६ एमबी. १ मिमी स्टेपने ३ मीटर म्हणजे ३,००० जागा, ५० जीबीला थोडं कमी. ११ कोनांच्या सपाट वेव्हने तेच ८-९ जीबीत बसतं. आजच्या डिस्कच्या किमतीत हे काहीच नाही.

आणि वेजकडे दुर्लक्ष करू नका. रेक्सोलाइटमध्ये (वेजच्या प्लास्टिकमध्ये) वेग २३३० मी/से च्या आसपास, पण तो तापमानाबरोबर बदलतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी कॅलिब्रेशन केलं आणि दुपारी तापलेल्या व्हेसलवर तोच वेज ठेवला की वेजमधला वेग कमी होतो, कोन सरकतो. सेक्टर स्कॅनमध्ये इंडिकेशन थोडं हलतं, पण इथे प्रत्येक पिक्सेलचा डिलेच चुकतो म्हणून फोकस पसरतो. दुपारी कॅलिब्रेशन ब्लॉकच्या १०० मिमी रेडियसवर परत तपासायची सवय लावा.

गॅमा_ते_अल्ट्रा

पारसिक, हे दुपारचं कॅलिब्रेशन मी पोरांना ओरडून ओरडून सांगतो. स्टँडर्डची माहिती दिलीत ते बरं केलंत, २३८६४ मागवून वाचतो. जुना डेटा परत बघता येतो हा मुद्दा मात्र पटला मला. आमच्या वेळी फिल्म जपून ठेवायचो, वादाचा प्रसंग आला की व्ह्यूअरवर लावून सगळ्यांनी मिळून बघायचो. डिजिटल आलं आणि ते बंद झालं.

नेरूळची_इको

एक महत्त्वाचं राहिलंय, कोणीतरी लिहायलाच हवं. मेडिकलसाठी अशी सिस्टीम इथे आणायची म्हणाल तर पीसीपीएनडीटी कायदा आधी वाचा. १९९४ चा कायदा, २००३ मध्ये आणखी कडक झाला, आणि गर्भाचं लिंग ओळखू शकणारं कुठलंही अल्ट्रासाऊंड मशीन नोंदणी नसलेल्या व्यक्तीला किंवा संस्थेला विकायलाच मनाई आहे. आमचं टूडी इकोचं मशीनसुद्धा नोंदवलेलं असतं. फॉर्म ए भरून महापालिकेच्या समुचित प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, तपासणी होते, मग फॉर्म बी मधे प्रमाणपत्र मिळतं आणि ते भिंतीवर लावायचं. आपण रिसर्चवाले, आपल्याला काय, असं धरून चालू नका. प्रोग्रामेबल मशीनला पोटाचा प्रोब लावला की ते पोट बघू शकतं, कायद्याला तेवढं पुरे.

आणि हे मी कटकट म्हणून लिहीत नाही. हा कायदा मुलींसाठी आहे, महाराष्ट्राने १९८८ मध्येच, देशात सगळ्यात आधी, असा कायदा केला होता त्याचा मला अभिमान आहे. कागदपत्रांचा त्रास होतो, तो सोसायचा. इंडस्ट्रीवाल्यांनीही, तुमचा प्रोब स्टीलसाठीचा असला तरी, खरेदीआधी लेखी विचारून घेतलेलं बरं.

सीबीडी_कोडर

ताईंच्या पोस्टला पूर्ण अनुमोदन. आणि म्हणूनच सगळ्यांना सांगतो, मशीन विकत घ्यायच्या आधी मशीनशिवाय होणारं सगळं करून घ्या, आणि ते खूप आहे. के-वेव्ह नावाचं फुकट सिम्युलेशन टूलबॉक्स आहे, त्यात स्टीलचा ब्लॉक, छिद्र, क्रॅक काहीही काढा आणि चॅनल डेटा तयार करा. फील्ड टू आहे, मेडिकलसाठी वर्षानुवर्षं वापरलं जातं. २०१६ च्या आयईईई अल्ट्रासॉनिक्स सिम्पोझियमसाठी पिकमस नावाची स्पर्धा झाली होती, तिचा सपाट वेव्हचा खरा चॅनल डेटा उपलब्ध आहे, ७५ कोनांचा. त्यावर स्वतःचा डिले अँड सम लिहा. आधी एकच कोन घ्या, मग तीन, मग सगळे, आणि करडी धूळ कशी साफ होत जाते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पन्नास-साठ ओळींचा कोड आहे, पण एकदा लिहिला की मशीनच्या आत काय चाललंय याबद्दलची सगळी दहशत जाते.

जीपीयू कधी लागेल? रबाळेकरांच्या वेल्डसाठी ५० बाय २५ मिमीचा भाग ०.१ मिमीच्या जाळीवर घेतला तर सव्वा लाख पिक्सेल, प्रत्येकाला ४,०९६ सिग्नलमधून एकेक सॅम्पल उचलून बेरीज, म्हणजे एका चित्राला ५१ कोटी वेळा. साध्या लॅपटॉपवर थोडं थांबावं लागेल, गेमिंगच्या ग्राफिक्स कार्डवर हे आरामात लाइव्ह चालतं.

रबाळेकर

ठरलं मग. पिकमसपासून सुरू करतो, जोडीला के-वेव्हमध्ये माझ्या वेल्डची भूमिती बसवतो. आणि मॅट्रिक्स डेटा बाहेर देणारं पोर्टेबल मशीन भाड्याने मिळतं का ते बघतो, खरा डेटा त्यावर घेता येईल. त्यासाठी आधी एक ब्लॉक लागेल, साइड ड्रिल्ड होलचा, १.५ मिमी व्यासाची छिद्रं वेगवेगळ्या खोलीवर. ठाण्यात कोणी करून देईल का?

वागळे_शॉपफ्लोअर

मी देतो करून, वागळे इस्टेटला शॉप आहे. पण १.५ चं ड्रिल रुंदी २५ मिमी असेल तर आरपार सरळ जात नाही, आत भरकटतं, आणि दोन्ही बाजूंनी मारलं तर मधोमध पायरी पडते. तुमच्या कामात ती पायरी इको देईल ना? १.४ ने काढून रीमर फिरवतो, नाहीतर ओळखीच्यांकडून ईडीएमने (विजेच्या ठिणग्यांनी धातू कापून) करून घेऊ. छिद्रं कुठे कुठे?

पारसिक

पायरी नक्की इको देईल, बरं झालं विचारलंत. रीमरच करा, ईडीएमने पृष्ठभाग खडबडीत राहतो. रबाळेकर, छिद्रं एकाखाली एक नका ठेवू, वरचं खालच्याला झाकतं. तिरक्या रांगेत, ५, १०, १५, २० मिमी खोलीवर, आडवं अंतर किमान १० मिमी. आणि एक जोडी मुद्दाम जवळजवळ, मधलं अंतर २ मिमी, म्हणजे सेक्टर स्कॅनमध्ये एक दिसतं आणि टोटल फोकसिंगमध्ये दोन होतात का ते कळेल.

वागळे_शॉपफ्लोअर

जमेल. २ मिमी सेंटर टू सेंटर की मधलं मटेरियल? १.५ च्या छिद्रांना सेंटर टू सेंटर २ दिलं तर मधे अर्धा मिमी भिंत उरते, ती फाटेल. मटेरियल एमएस (साधं माइल्ड स्टील) की एसएस (स्टेनलेस)?

पारसिक

मधलं मटेरियल २ मिमी, सेंटर टू सेंटर ३.५.

रबाळेकर

एमएस, आणि जमलं तर त्याच मापाचा एक एसएस ३०४ चा. दोन्ही टेस्ट सर्टिफिकेटवालं मटेरियल घ्या, वेग आम्ही ब्लॉकवरच मोजू. ड्रॉइंग उद्या रात्री इथेच टाकतो, पारसिक एकदा नजर टाका मग कापायला घेऊ.